सुनेच्या पीएचडीला आम्ही पंच

इकडं सरक गं, अशी जवळ. पुण्यात बसून हे वाचत असशील तर खुर्ची तरी जरा पुढं ओढ, म्हणजे तुला समोर बसवून बोलल्यासारखं मला वाटंल. तुझ्यावर मी रागावलेली आहे हे आधीच सांगून टाकते. सख्ख्या मावशीच्या सुनेचा जालन्यात एवढा सत्कार झाला, हॉल भरून बाया भिंतीला टेकून उभ्या राह्यल्या, अन् तू आली न्हाईस. बरं, आली न्हाईस ते न्हाईस, वर फोन करून विचारलंस काय, तर "मावशी, वहिनीला कशाचं बक्षीस मिळालं गं? समाजसेवेचं का?"

हे तिच्यासमोर विचारू नको. एवढ्याचसाठी मी हे लिहायला बसले. समाजसेवा वाईट आहे असं माझं म्हणणं न्हाई. पण त्या एका शब्दानं माझ्या सुनेला कितीतरी वर्षं छळलं. ती जे करत होती ते रसायनशास्त्र आहे, हे लोकांनी मान्य करावं, एवढीच तिची इच्छा होती. साडी, शाल, फेटा, काही नको. फक्त कोणीतरी जाणत्या माणसानं म्हणावं की बाई, हे रसायनशास्त्र आहे.

तुला तर माहीत आहे, मी शाळेचं तोंड फारसं पाह्यलं न्हाई. भोकरदनच्या स्टँडसमोर आपलं शिवणकामाचं दुकान, समोरून दिवसभर गाड्या. गाड्यांच्या पाट्या वाचत वाचत मला अक्षरं लागली. जाफराबाद हा शब्द मला माझ्या नावाच्या आधी लिहिता यायला लागला. अशा घरात एमेस्सी झालेली सून आली. आपला जालना जिल्हा वेगळा झाला तेव्हा तुझा दादा शाळेत होता, तो बी.कॉम. करून दुकानात बसायला लागला अन् त्याच्या एक-दोन वर्षांनी ही आली. कॉलेजात तिला केमिस्ट्री शिकवायची नोकरी. आळीतल्या बाया मला म्हणायच्या, "बाई, सून जरा जड झाली तुला." मी म्हणायचे, "झाली तर झाली, मी थोडीच उचलून फिरून राह्यले."

सुरुवात झाली ती दातांवरून. एक दिवस ती कॉलेजातून आली, चपला काढल्या अन् तशीच ओट्यावर बसून राह्यली. म्हणाली, "आत्याबाई, माझ्या वर्गात काही मुली आहेत, त्या हसल्या की ओढणी तोंडावर धरतात. मी आज एकीची ओढणी बाजूला केली. दातांवर तपकिरी पट्टे."

मी म्हटलं, "मिश्री लावत असंल."

"न्हाई. अन् अशा सगळ्या मुली जाफराबाद रोडवरच्या त्याच दोन-तीन गावांतल्या आहेत."

पुढच्या रविवारी तिनं तुझ्या दादाला स्कूटर काढायला लावली अन् त्यातल्या एका गावाला गेली. त्या गावात जुनी विहीर होती, तिचं पाणी जड. अन् वेशीजवळ बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला खोल हापसा होता, त्याचं पाणी गोड. बाया हापशावर खूष होत्या. सुनेनं पिशवीतून लहान बाटली काढली, तिच्यात गुलाबी औषध. म्हाताऱ्याकोताऱ्या भोवती जमल्या. हापशाच्या पाण्यात तिनं ते थेंब टाकले अन् बघता बघता गुलाबी रंग उडाला, पिवळा झाला. विहिरीच्या पाण्यात टाकले तर गुलाबी तसाच. तिनं समजावून सांगितलं की हापशाच्या पाण्यात फ्लोराइड म्हणून एक चीज आहे, ती जास्त झाली की लेकरांचे दात रंगतात अन् मोठ्यांचे गुडघे धरतात. पाणी कपड्याला वापरा, भांड्याला वापरा, पण पिऊ नका.

ऐकलं सगळ्यांनी. माना हलवल्या. पण हापशाचं पाणी प्यायचं कोणी थांबवलं न्हाई.

मंग तिनं धोक्याची खूण म्हणून त्या हापशाला लाल ऑइलपेंट दिला. स्वतः ब्रश घेऊन, पदर खोचून. दांड्यापासून बुडापर्यंत लालभडक. महिन्याभरानं ती परत गेली तेव्हा मी पण बरोबर गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाह्यलं ते सांगते. हापशाला हळदकुंकू. गळ्यात झेंडूची माळ. ओट्यावर नारळाच्या करवंट्या. अन् खाली हंडा लावलेला, मागं बायांची रांग, त्यात शेजारच्या गावच्या बाया पण.

हापशाच्या समोर एक म्हातारी राहायची, बोलण्यात सगळ्या गावाला भारी. ती पुढं आली. "मास्तरीणबाई, लई उपकार केले. तुम्ही शेंदूर दिला अन् जागा जागती झाली. माझ्या नातीचा ताप ह्या पाण्यानं उतरला बघा."

माझी सून ओट्यावर मटकन बसली. आधी हसली, मंग तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मंग परत हसली. शेजारच्या घरातून आपा बाहेर आल्या. त्यांच्या दारातच तो हापसा. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मैं बोली थी इनकू, बाई ने खतरे का रंग मारा. मेरी कौन सुनता? उलटा मेरेकूच प्रसाद ला के दिए."

आता दुसरा रंग कोणता द्यायचा, ह्यावर तिथंच पंचायत बसली. पिवळा म्हटलं तर हळद. पांढरा म्हटलं तर देवळाचा चुना. हिरवा म्हटल्यावर आपाच बोलल्या, "हरा मत मारो, फिर हम आएंगे ऊद जलाने." शेवटी तुझ्या दादानं रस्त्याच्या कामावरून डांबर मागून आणलं. हापसा काळाकुट्ट केला. डांबराला नारळ फोडायला कोणी गेलं न्हाई.

तू हसून राह्यली असशील. हस. पण तिथून पुढं त्या बायांशी तिची गाठ पडली. दर पंधरा दिवसांनी जायची. अन् एकदा त्या म्हातारीनंच तिला धरलं. "का गं, तुझ्या चांगल्या पाण्यात डाळ शिजत न्हाई. दोन-दोन तास लाकडं जाळून राह्यलो. अन् तुझ्या वाईट पाण्यात लोण्यावाणी शिजती, साबणाला फेस पण येतो. हे कसलं सायन्स?"

  घरी आल्यावर जेवताना सुनेच्या हातात घास तसाच. म्हटलं, "डाळ खारट झाली का?" तर म्हणाली, "आत्याबाई, म्हातारीनं विचारलं त्याचं उत्तर मला पूर्ण येत न्हाई. पुस्तकात आहे थोडं. पण आपल्या जमिनीत, आपल्या पाण्यात ते बराबर तसंच आहे का, हे कोणी तपासलेलं न्हाई." तिथून तिचा पीएचडीचा विषय ठरला.

किती वर्षं लागली ते मोजू नको. मधी दोन लेकरं झाली. सकाळी कॉलेज, दुपारी प्रयोगशाळा, रविवारी गावं. घरात भाजीच्या पिशवीपेक्षा पाण्याच्या बाटल्या जास्त. बाटली भरायची पद्धत तिनं मला शिकवली: प्लास्टिकचीच पाहिजे, साबण लागलेला नको, आधी त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळायची, मंग काठोकाठ भरायची, अन् वर गावाचं नाव, हापसा का विहीर, वार, वेळ सगळं लिहायचं. चिठ्ठ्या मीच लिहायचे. स्टँडवरच्या पाट्यांचा तेवढा तरी फायदा झाला.

एकदा मी तिच्या प्रयोगशाळेत गेले होते. उभी काचेची नळी, खाली तोटी, तिच्यातून थेंब थेंब पडून राह्यलेला. खालच्या चंबूतलं पाणी दारूच्या रंगाचं लाल. ती म्हणाली, "बघत राहा." एक थेंब पडला अन् ते लाल पाणी एकदम निळं झालं. मी तिथंच म्हटलं की हे मला दिवसभर बघायला बसवलं तरी चालंल. ती म्हणाली, "मी दिवसभर हेच करते."

पण कॉलेजात एक मोठे सर होते. माणूस वाईट न्हाई, शिकवायचे चांगलं, पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली होती. ते हिला सगळ्यांसमोर म्हणायचे, "मॅडम, पाणी तपासणं हे पाणीपुरवठ्याच्या माणसाचं काम. तुम्ही गावोगाव फिरता, बायांना शिकवता, फार छान. पण ही समाजसेवा झाली. ह्यात केमिस्ट्री कुठंय?" एकदा गॅदरिंगमध्ये त्यांनी तिला "आमच्या समाजसेविका" म्हणून स्टेजवर बोलावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून झोपली. मी म्हटलं, "अगं, कौतुकच केलं की त्यांनी." तर म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही वर्षभर मेहनत करून पैठणी विणावी, अन् कोणी म्हणावं की बाई किती दयाळू, सगळ्यांना फडकी वाटते. तसं झालं माझं." त्या दिवशी मला तिचं दुखणं समजलं.

शेवटी प्रबंध लिहून झाला, बांधून झाला, विद्यापीठात गेला. तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. आदल्या दिवशी औरंगाबादला निघताना ती मला समजावून गेली. बाहेरच्या विद्यापीठातले एक परीक्षक येणार. जे लिहिलं ते खरं आहे का, सगळ्यांसमोर विचारणार. दार उघडं असतं, कोणालाही आत बसता येतं. एवढं सांगून ती अन् तुझा दादा गेले.

अन् मी बसले विचार करत. बाहेरचा साहेब येणार. खरं-खोटं तपासणार. सगळ्यांसमोर. दार उघडं. हे तर आपल्या माहितीतलं झालं, हा पंचनामा. अन् पंचनाम्याला गाव हजर नसलं तर काय होतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. एका पावसाळ्यात आमच्या आळीतल्या भिंती पडल्या, साहेब पाहणीला आला, नेमका बाजाराचा दिवस, सगळे बाजारात. कोणी दाखवायला न्हाई, तर कागदावर आमच्या भिंती उभ्याच राह्यल्या. तसं माझ्या सुनेचं होऊ द्यायचं न्हाई. मी जाफराबादच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला: उद्या सकाळी पहिल्या गाडीनं या, मास्तरीणबाईंचा पंचनामा आहे, पंच पाहिजेत.

सकाळी स्टँडवर पाहते तर म्हातारी सगळ्यात पुढं, इरकली लुगडं नेसून. मागं आपा, अन् त्यांच्या मागं जाऊ-जावा, लेकी-सुना, एकीच्या काखेत लेकरू. मला एवढ्या येतील असं वाटलं नव्हतं. औरंगाबादची गाडी आम्हीच भरली. रस्त्यानं पिशव्यांतून किणकिण आवाज येत होता, मला वाटलं बांगड्या असतील.

विद्यापीठाच्या इमारतीपाशी वॉचमननं अडवलं. "पिशवीत काय?" म्हातारीनं पिशवी उघडली. क्वार्टरच्या बाटल्या. सगळ्यांच्या पिशव्यांत क्वार्टरच्या बाटल्या, भरलेल्या, तोंडाला चिंधीचे बोळे. वॉचमन मागं सरकला.

"आजी, हे इथं चालणार न्हाई."

"अरे, पाणी हाये. हुंगून बघ. माझ्या नवऱ्यानं कधी एक थेंब मागं ठेवला न्हाई, तुला काय वास येणार?"

आपा म्हणाल्या, "भैया, सबूत है. साहब को दिखाना है." त्यानं एक बोळा काढून हुंगलं, आमच्याकडं पाह्यलं अन् गपचूप जिना दाखवला. मी म्हातारीला विचारलं, हे कशाला आणलं? ती म्हणाली, "पंचनाम्याला मुद्देमाल लागतो का न्हाई?" मला पण ते पटलं, खोटं कशाला बोलू; सुनेनं शिकवलेली बाटलीची पद्धत घाईत डोक्यातच आली न्हाई.

आत गेलो. मोठा वर्ग, मागं चढत गेलेली बाकडी. पोरं उठून आम्हाला जागा देऊन राह्यली. पुढं आपली सून, फिकट निळी साडी, भिंतीवर उजेडात तिची अक्षरं अन् रेघा. तिचं लक्ष आमच्याकडं गेलं अन् तिचा चेहरा असा उतरला की काय सांगू. पुढच्या रांगेत ते कॉलेजातले मोठे सर बसले होते. टेबलापाशी तिचे गाइड अन् त्यांच्या शेजारी बाहेरचे परीक्षक, केस पांढरे, चष्मा नाकाच्या टोकावर.

ती बोलली बराच वेळ, इंग्रजीत. मला काही समजलं न्हाई, पण ती अडखळली न्हाई एवढं समजलं. मंग परीक्षकांनी चष्म्यावरून आमच्याकडं पाह्यलं अन् मराठीत विचारलं, "ही मंडळी तुमच्या गावातली का?"

"हो सर. जिथले नमुने घेतले तिथली."

"छान. म्हणजे तुम्ही समाजसेवा फार मोठी केली, हे दिसतंच आहे. पण मी इथं केमिस्ट्री शोधायला आलोय. ती मला अजून दिसायचीय."

झालं. ज्या शब्दाला ती एवढी वर्षं भीत होती तोच शब्द, अन् तो आणला कोणी, तर मी, गाडी भरून. पुढच्या रांगेतल्या सरांनी खुर्चीत बूड सरकवलं.  तोवर म्हातारी उठली होती. ती पायऱ्या उतरून थेट टेबलापाशी गेली अन् बाटल्या मांडायला लागली.

"सायेब, आम्ही पंच हाओत. ही हापशाची, ही विहिरीची, ही आपाच्या माठातली. तपासून घ्या. पोरीनं खोटं लिहिलेलं न्हाई."

पोरं हसायला लागली. गाइड सरांनी कपाळाला हात लावला. परीक्षक माझ्या सुनेकडं पाहत राह्यले, आता ही काय करती म्हणून.

सुनेनं एक बाटली उचलली. उजेडाकडं धरली. हलवली, अन् परत खाली ठेवली.

"आजी, हे पाणी मला चालणार न्हाई."

"का गं? आपल्याच हापशाचं हाये."

"कधी भरलं?"

"भरलं आसंल काल सांजच्याला. न्हाई तर आज पहाटं."

"बाटली कशानं धुतली?"

"राखेनं. चांगली घासघासून. वास राह्यला न्हाई पाहिजे का?"

सून परीक्षकांकडं वळली. "सर, ही माझी माणसं आहेत. माझ्या बाजूनं बोलायला इतक्या लांबून आलीत. पण कधी भरलं माहीत न्हाई, बाटली राखेनं धुतलेली. ह्या नमुन्यावर मी एक ओळ पण लिहिणार न्हाई."

 म्हातारी दुखावली. "म्हंजे आम्ही खोटे का?"

"तुम्ही खऱ्या आहात आजी. बाटली खोटी आहे."

परीक्षकांनी हातातला पेन खाली ठेवला अन् खुर्ची पुढं ओढली. म्हणाले, "राखेनं नेमकं काय होईल, सांगा."

अन् मंग गं, माझी सून जी सुटली. खडू घेतला, फळ्याकडं गेली. आता मी सांगते ते माझ्या अकलेप्रमाणं ऐक. जड पाण्यात चुना असतो, कॅल्शियम म्हणतात त्याला. तो डाळीला शिजू देत न्हाई, साबणाला फेस येऊ देत न्हाई, म्हणून बायांना नको असतो. पण तोच चुना फ्लोराइडला धरून ठेवतो, दोघं मिळून दगड होऊन खाली बसतात. खोल हापशाच्या पाण्यात चुना कमी. मंग फ्लोराइडला धरणारं कोणी न्हाई, ते मोकळं फिरतं. म्हणून ज्या पाण्यात डाळ लोण्यावाणी शिजती, त्याच पाण्यात दात रंगतात. अन् राखेतला क्षार पाण्यात मिसळला तर तो चुन्याला आधीच खाली बसवतो, सगळा हिशोब बिघडतो. एवढं म्हणून ती थांबली न्हाई. आपल्या काळ्या दगडातून पाणी झिरपत खाली जाताना वाटेत काय सोडतं अन् काय उचलतं, कोणत्या महिन्यात वाढतं, कोणत्या महिन्यात उतरतं, सगळं फळ्यावर. परीक्षक विचारायचे, ती उत्तर द्यायची. ते अडवायचे, ती दुसऱ्या बाजूनं यायची. एके ठिकाणी ती सरळ म्हणाली, "हे मला माहीत न्हाई, सर. ह्याच्यावर पुढं काम करावं लागंल." ते मान हलवून हसले. मधीच त्यांनी मागं पाहून विचारलं, "बाई, डाळ कोणत्या पाण्यात शिजते?"

आपा उठून उभ्या राह्यल्या. "काले हापसे के पानी में, साहब. एक उबाल में गल जाती."

त्यांनी ते लिहून घेतलं.

मंग परीक्षक अन् गाइड सर बाहेर गेले. आम्ही बसलो.  काखेतलं लेकरू तेवढं रडत होतं, त्याला कोणीतरी लिमलेटची गोळी दिली. आत आल्यावर गाइड सरांनी कागद वाचला, इंग्रजीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही पण वाजवल्या, पण भीत भीत. म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "पास का नापास, ते सांगा ना."

परीक्षक म्हणाले, "पास, आजी." अन् सुनेकडं वळून म्हणाले, "तुम्ही ती बाटली परत दिली तिथंच माझं निम्मं उत्तर मिळालं. बाकीचं निम्मं फळ्यावर आलं. हे रसायनशास्त्र आहे मॅडम, अन् चांगलं आहे."

ती रडली न्हाई. मला वाटलं होतं रडंल. तिनं फक्त खडूचे हात पदराला पुसले, ती कधी पदराला हात पुसत न्हाई. मोठे सर उठून आले, तिच्यासमोर क्षणभर उभे राह्यले अन् म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर." त्या शब्दानं तिला हाक मारणारे पहिले तेच.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. "आत्याबाई, मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर येऊ दिलं असतं का?"

"बिलकुल न्हाई."

"मंग कशाला विचारायचं?"

पुढच्या बाकावरून म्हातारी म्हणाली, "पोरी, पुढल्या बारीला बाटली कशी धुवायची ते आधी सांगत जाय." गाडी हसली. भोकरदनला उतरल्यावर दुकानातल्या पोरांनी पेढे वाटले, स्टँडवरच्या हमालापासून कंट्रोलरपर्यंत सगळ्यांना.

डॉक्टर झाली म्हणून तिचे रविवार सुटले न्हाईत. उलट आता कॉलेजच्या मुली तिच्याबरोबर जीपमध्ये भरून जायच्या. हळदीचा कागद चुन्याच्या पाण्यात बुडवला की लाल होतो, इथून ती शिकवायला सुरुवात करायची, म्हणजे खेड्यातून आलेल्या पोरीची भीती जायची. ज्या पोरी ओढणी तोंडावर धरायच्या त्यातल्या एकीनं पुढं एमेस्सी केलं, अन् आज ती दुसऱ्या तालुक्यात हेच शिकवती. सुनेचे तक्ते घेऊन गावातली माणसं जालन्याच्या कचेरीत चकरा मारत राह्यली, अन् शेवटी तलावाचं पाणी पाइपानं गावात आलं. पिण्याला ते, हापसा गुरंढोरं धुवायला. त्यानंतर ज्या लेकरांचे दुधाचे दात पडून नवे आले, ते पांढरे आले गं. तिनं एकेका लेकराचं तोंड उघडून पाह्यलं. घोड्याच्या बाजारात पाहतात तसं, मी म्हटलं. ती म्हणाली, "आत्याबाई, हा माझा सगळ्यात चांगला निकाल."

अन् आता सत्काराचं. विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांच्या मंडळाचा फोन आला. संशोधन, अध्यापन, समाजसेवा, अशी सन्मानाची तीन खाती असतात, तुमचं नाव समाजसेवेत घालतो म्हणाले. मी तिथंच भाजी निवडत बसले होते. ती शांतपणे म्हणाली, "सर, आधी संशोधन लिहा. त्याखाली शिकवणं. समाजसेवा त्या दोन्हींमधून झाली, ती सगळ्यात खाली लिहा. तसं जमत नसंल तर दुसऱ्या कोणाला द्या, मला वाईट वाटणार न्हाई." अन् फोन ठेवून माझ्याबरोबर भाजी निवडायला बसली. दोन दिवस काहीच कळालं न्हाई. तिसऱ्या दिवशी फोन आला, जमवतो म्हणाले. तिन्ही मिळून एकच सन्मान दिला. तिचं नाव कोणी सुचवलं होतं ते नंतर समजलं: त्याच मोठ्या सरांनी, निवृत्त झाल्यावर. त्यांनी कधी बोलून दाखवलं न्हाई, हिनं कधी विचारलं न्हाई.

जालन्याच्या त्या हॉलमध्ये मानपत्र वाचलं तेव्हा पहिलीच ओळ होती, भूजलाच्या रसायनशास्त्रातील मूलभूत संशोधनाबद्दल. मी ती ओळ आता पाठ म्हणू शकते. म्हातारी हे बघायला राह्यली न्हाई, पण तिची सून आल्ती, नातवंडं आल्ती. आपा आल्या होत्या, काठी टेकत, पहिल्या रांगेत जाऊन बसल्या अन् कोणी उठवायला आलं तर म्हणाल्या, "मैं पंच हूँ." माझ्या सुनेनं शिकवलेल्या मुली तर इतक्या, की अर्ध्या जणींना खुर्च्या मिळाल्या न्हाईत. माझी सून बोलायला उभी राह्यली अन् दोनच वाक्यं बोलली. म्हणाली, एका बाईनं मला प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर शोधायला एवढी वर्षं लागली. ज्याला प्रश्न पडंल त्यानं विचारत राहावं. अन् खाली बसली. टाळ्या थांबेनात. मंचावर मला बोलावलं, शाल घालायला माझा हात लागावा म्हणून. मी घाईघाईत टाकलेली शाल तिच्या एकाच खांद्यावर बसली, दुसरा खांदा तिनंच झाकून घेतला.

तर असं आहे. आता पुढच्या वेळी कोणी विचारलं की तुझ्या वहिनीला कशाचं बक्षीस मिळालं, तर बराबर सांगशील. सत्काराचा मोठा फोटो फ्रेम करून आणलाय, पण भिंतीवर कुठं लावायचा ह्यावरून घरात एकमत न्हाई. ती म्हणती आतल्या खोलीत, तुझा दादा म्हणतो दुकानात, मी म्हणते दारासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसंल असा. सध्या कपाटाला टेकवून ठेवलाय. तू ये अन् सांग. दिवाळीची वाट पाहू नको, जोडून सुट्टी मिळाली की जल्दी निघ. तुझ्या वहिनीला पण तुझ्याशी बोलायचंय, तुमच्या पुण्याच्या बोअरच्या पाण्याबद्दल तिला बरंच विचारायचंय. येताना एक बाटली भरून आण, प्लास्टिकची, राख न लावता. पण बाटली विसरलीस तरी चालंल, तू ये.